फाटकाच्या पट्ट्या रुळापेक्षा उंच: बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्याकडून मागवलेला मॉडेल रेल्वेच्या लेव्हल क्रॉसिंगचा, एचओ या मापाचा (खऱ्याच्या १/८७) संच मला गेल्या महिन्यात नाशिकरोडला मिळाला. किंमत १,८५० रुपये. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. खोक्यावर ‘कोड ८३ व कोड १०० रुळांसाठी’ असे ठळक छापले आहे. माझा लेआउट, म्हणजे घरी मांडलेली छोटी रेल्वे, कोड ८३ चा. त्यावर हा संच बसतो, पण गाडी जात नाही.

कोड ८३ म्हणजे रुळाची उंची ०.०८३ इंच, सुमारे २.१ मिमी. कोड १०० ची २.५४ मिमी. रुळांच्या मध्ये आणि बाहेर रस्ता म्हणून बसवायच्या आपल्या पट्ट्या व्हर्नियर कॅलिपरने मोजल्या, २.४ मिमी जाड भरल्या. म्हणजे स्लीपरवर ठेवल्यावर कोड १०० मध्ये त्या रुळाच्या माथ्याखाली राहतात, आणि माझ्याकडे ०.३ मिमी वर येतात. रूळ धरणाऱ्या खिळ्यांच्या डोक्यांवर टेकल्या तर आणखीच वर. चाकाची धाव रुळाहून रुंद असते, त्यामुळे इंजिन बाहेरच्या पट्टीवर चढते, चाक रुळापासून सुटते, रुळातून मिळणारी वीज तुटते आणि इंजिन भर रस्त्यात उभे राहते. हाताने ढकलले की डबे जोडणाऱ्या कपलरखालची तार मधल्या पट्टीत अडकते आणि डबे सुटतात. रूळ पुसायचा रबरी ठोकळासुद्धा तिथेच अडतो.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर सांगितले, ‘तुमचा ट्रॅकच खालीवर असेल.’ पट्ट्या काढल्या की त्याच रुळावरून तीच गाडी सुरळीत जाते. मग सल्ला आला, पॉलिश पेपरने घासून घ्या. घासल्यावर पट्ट्यांवर कोरलेल्या फळ्यांच्या रेघा जातात, आणि पैसे तर त्यांचेच मोजले होते! माझी नोकरी सातपूरच्या टूलरूममध्ये झाली. ०.३ मिमी जास्तीचा माल ‘घासून घ्या’ म्हणून गिऱ्हाइकाकडे पाठवला असता, तर संध्याकाळपर्यंत टेम्पो परत दारात आला असता.

‘चिकटवलेला माल परत घेत नाही’ हे उत्तरही इथे लागू नाही. चाचणीसाठी पट्ट्या फक्त दुहेरी टेपवर बसवल्या होत्या, डिंकाचा थेंबही लागलेला नाही.

जाता जाता आणखी एक. खोक्यावरच्या चित्रात बैलगाडी आणि रस्ताभर आडवे येणारे आपल्याकडचे फाटक आहे. आत निघाले अर्धा रस्ता अडवणारे दांडे, तेही उजवीकडून वाहने चालणाऱ्या देशांचे. माझ्या लेआउटवरच्या देवळालीच्या रस्त्यावर ते उभे केले, तर फाटकाकडे येणाऱ्याला वाट मोकळी आणि रूळ ओलांडून बाहेर पडणाऱ्यापुढे दांडा. पायासकट ओतलेले असल्याने बाजूही बदलता येत नाही. यासाठी वेगळे पैसे मागत नाही, चित्र तेवढे बदला.

कोड ८३ ला खरोखर बसणाऱ्या पट्ट्या पाठवा किंवा पूर्ण रक्कम परत करा. परतीच्या कुरिअरचा खर्च आपला. खोक्यावरचा मजकूरही दुरुस्त करा. १५ दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. तिथेही न सुटल्यास नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे आपले कार्यालय कुठे आहे याने फरक पडत नाही.

व्हर्नियर लावून काढलेले फोटो सोबत आहेत.

आपला,
बिलावर नाव-पत्ता असलेला ग्राहक
नाशिकरोड