यंदाच्या चित्रपटांविषयी, आई-बाबांस

ठाणे,
ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, हल्लीच्या चित्रपटांत पाहण्यासारखे काही उरले आहे का, की सगळी नुसती आदळआपटच, असे तुम्ही विचारले होतेत. फोनवर दोन वाक्यांत सांगण्याजोगे ते नव्हते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी काही समीक्षक नव्हे. रविवारी सवड मिळाली आणि तिकीट परवडले की जाते, इतकेच. पण यंदा एक गोष्ट ध्यानात आली. ज्या चित्रपटातला माणूस आपले काम करताना दिसतो, तोच माझ्या मनात टिकतो. एरवी पडद्यावरची मंडळी पोटापाण्यासाठी काय करतात याचा थांगपत्ता लागत नाही. प्रेम करणे आणि सूड उगवणे, एवढेच दोन उद्योग त्यांना असतात.

तुम्ही इकडे याल तेव्हा कुठेही लागलेला असल्यास ‘दशावतार’ थिएटरातच पाहावा, असे मला वाटते. सुबोध खानोलकरांचा हा चित्रपट १२ सप्टेंबरला प्रदर्शित झाला आणि त्यात बाबुली मेस्त्री या म्हाताऱ्या दशावतारी कलावंताचे काम दिलीप प्रभावळकरांनी केले आहे. ऑगस्टमध्ये त्यांनी वयाची एक्क्याऐंशी वर्षे पूर्ण केली, हे चित्रपट पाहताना सारखे आठवत होते, कारण त्या वयात अंगावर वेष चढवून रात्रीच्या चित्रीकरणाला उभे राहणे काही सोपे नाही. मुलगा म्हणतो, आता पुरे. बाप म्हणतो, तुला नोकरी लागू दे, मग थांबतो. हा संवाद आपल्या घरात नाटकाऐवजी शेतावरून किती वेळा झाला असेल! प्रभावळकर तोंडाला रंग लावतात तेव्हा त्या बोटांत घाई नसते; देवळामागे कंदिलाच्या उजेडात आरसा मांडीशी धरून आपला आपणच राजा होणारी माणसे तुम्ही जत्रेत दाखवली होतीत, तीच मला दिसली.

उत्तरार्धाविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. खाणवाल्यांचा विषय खरा आहे, आपल्या जिल्ह्याला तो नवा नाही. पण चित्रपट पुढे सूडाच्या वाटेने जातो आणि पात्रे प्रेक्षकांना समजावून सांगितल्यासारखी बोलू लागतात. त्यापेक्षा दशावतारातली खरी जादू, म्हणजे लिहिलेली संहिता हाती नसताना दोन नट केवळ पुराणाच्या आधारावर एकमेकांना शब्दांत अडकवत पहाटेपर्यंत प्रयोग नेतात ती, मला आणखी बघायला आवडली असती. तुम्ही पाहिलात की बहुधा पखवाजाच्या ठेक्यातही चूक काढाल, ती अवश्य कळवावी.

‘छावा’ फेब्रुवारीत येऊन गेला आणि त्यावर तेव्हाच इतके बोलले गेले की मी थोडक्यात आवरते. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे आणि ती तुम्ही वाचलेली आहे, म्हणून तुमचे मत माझ्याहून मोलाचे. विकी कौशलने जीव ओतून काम केले आहे, यात शंका नाही. परंतु ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा संभाजीराजा मला लढाईच्या गदारोळात फारसा सापडला नाही. कवी कलशाबरोबरचा काव्यमय संवाद तेवढा त्याला अपवाद. संभाजीराजे लेझीम खेळतात त्या दृश्यावरून प्रदर्शनापूर्वीच वाद झाला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते काढून टाकले; मला वाटते, त्याऐवजी गर्जनाच थोड्या कमी केल्या असत्या तर कान सुखावले असते. गंमत अशी की आरडाओरड न करता सर्वांत जास्त धास्ती वाटली ती अक्षय खन्नाच्या औरंगजेबाची. तो दोरा-सुई घेऊन विणत बसतो आणि तेवढ्यात हुकूम सोडतो. शत्रू असला तरी तो काम करताना दिसतो, हे माझ्या मघाच्या म्हणण्याला धरूनच झाले.

आई, तुझ्यासाठी ‘आता थांबायचं नाय!’ सुचवते. यंदाच्या महाराष्ट्रदिनी तो प्रदर्शित झाला. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणीतले कामगार दिवसभर राबून रात्री वर्गात बसतात आणि दहावीची परीक्षा देतात, अशी ती गोष्ट, आणि ती खऱ्या घटनेवर बेतलेली आहे. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव यांना हसवताना पाहण्याची आपल्याला सवय. येथे ते वहीपुढे अवघडून बसतात, तेव्हा मोठ्या वयात कोणाला तरी ‘येत नाही’ म्हणावे लागण्याची लाज त्यांच्या खांद्यांत दिसते. शेवट गोड आहे, थोडा जास्तच गोड, पण तो त्यांनी कमावलेला आहे. तू बायकांना सही करायला शिकवायचीस, त्यामुळे तो तुला माझ्यापेक्षा अधिक भिडेल.

जुलैत ‘सैयारा’ हा हिंदी प्रेमपट पाहून तरुण मुले-मुली थिएटरात ओक्साबोक्शी रडत होती. मी घड्याळ पाहिले. बहुधा माझे वय झाले.

राहिला ‘साबर बोंडं’. रोहन कानवडे यांच्या या चित्रपटाला जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातले परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि सप्टेंबरात तो आपल्याकडे आला. मुंबईत राहणारा आनंद वडील वारल्यावर दहा दिवसांसाठी गावी येतो. नातेवाईक त्याच्या लग्नाचा विषय काढतात आणि तो आपल्या बालमित्राच्या, बाळ्याच्या, सोबतीत थोडा श्वास घेतो. त्या दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे. बाबा, विषय ऐकून तुम्ही कदाचित कपाळाला आठ्या घालाल, तरी तो पाहावा अशी माझी विनंती आहे, कारण यात ना भाषण आहे ना पार्श्वसंगीत. संगीत नसल्यामुळे सुतकातल्या घरातली कुजबुज, भांड्यांचे आवाज, ओसरीवर बसलेल्यांची खाकरणी एवढेच कानी पडते, आणि रडू आले तर ते आपले आपल्याला येते, कोणी व्हायोलिन वाजवून काढत नाही. त्यातली आई जयश्री जगताप यांनी केली आहे. तिला मुलाचे सगळे ठाऊक आहे. नातेवाइकांसमोर ती त्याला ज्या शहाणपणाने सांभाळून घेते, त्यावर मला तुम्हा दोघांशी बोलायचे आहे; म्हणून हा मात्र आधी पाहू नका, आपण तिघे मिळून पाहू.

येण्याची तारीख नक्की झाली की कळवावे. दुपारच्या खेळाची तिकिटे स्वस्त पडतात, शिवाय बाबांना रात्रीचे जागरण सोसत नाही, त्यामुळे त्या बेताने पाहते.

तुमची,
लेक