गोळीचा खाडा : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. पाटीवर 'न्यूरोफिजिशियन' असं लिहिलंय, पण ते वाचून कुणाला फारसा बोध होत नाही. गावात मी 'डोक्याचा डॉक्टर'. त्यामुळे कुणी डोकं फुटलं म्हणून टाके घालायला येतं आणि एखादा म्हातारा 'कवटी उघडणार नसाल तरच तपासा' अशी अट घालून बसतो. मी ऑपरेशन करत नाही हे पटवण्यात निम्मी सकाळ जाते.

बाजारच्या दिवशी ओपीडी गच्च भरते. अर्धशिशीनं हैराण झालेल्या शिक्षिका, कंपवातानं हात थरथरणारे पेन्शनर, 'चप्पल पायातून कधी निसटली कळलंच नाही' असं सांगणारे जुन्या मधुमेहाचे शेतकरी, सकाळी चूळ भरताना पाणी एका कोपऱ्यातून गळायला लागलं म्हणून घाबरून पळत आलेला पोरगा. अंगावरून वारं गेलेली, म्हणजे पक्षाघाताची माणसं तर रोजचीच. ती बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि इथे साडेचार तास तर आधी कुणाला दाखवायचं यावर घरात एकमत होण्यात जातात. त्यावर आपल्याला वेगळं पत्र लिहायचं आहे. आज फिटबद्दल लिहितो.

फिट, मिरगी, फेफरं, आकडी, अपस्मार. नावं कितीही असोत, माझ्याकडच्या मोठ्या माणसांतला हा एकच असा आजार आहे, ज्याचं औषध जुनं, स्वस्त आणि खात्रीचं आहे, आणि तरीही रुग्ण पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि नीट निदान होऊन उपचार मिळाले तर त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८ पासून. कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटाम ही सगळी औषधं केंद्र सरकारच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. म्हणजे औषध कुठलं द्यायचं हा प्रश्न नाही. ते रोज मिळत नाही, हा आहे.

आमच्या जिल्ह्यात 'रोज' या शब्दाला एक वेगळी अडचण आहे. खंडेनवमीला कोयत्याची पूजा होते, दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात आणि दिवाळीच्या सुमारास गावंच्या गावं रिकामी होतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, ऊस असेल तिथे. परत यायला चैत्र उजाडतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आणि ती फिटेपर्यंतचे पाच-सहा महिने. उसाच्या फडात एक दिवस गैरहजर राहिलं की त्याला 'खाडा' म्हणतात. खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर पैसे कापले जातात. त्यामुळे ताप असला तरी माणूस फडात असतो.

गेल्या चैत्रात एक बाई दाखवायला आली. वय तिशीच्या आतबाहेर. तीन वर्षांपूर्वी तिला पहिली फिट आली तेव्हा सीटी स्कॅनमध्ये मेंदूत छोटी गोल गाठ दिसली होती, पट्टकृमीच्या अळीची. त्यावर उपचार झाले, कार्बामाझेपिन सुरू केली, सकाळ-संध्याकाळ. गेल्या हंगामाला ती निघाली तेव्हा सलग चौदा महिने फिट नव्हती. मी खुशीत होतो. दोन वर्षं अशीच गेली की हळूहळू गोळी कमी करून बघू, असं तिला सांगितलंही होतं.

जाताना तिच्याकडे महिन्याच्या गोळ्या होत्या. त्या संपत आल्यावर ती कारखान्याजवळच्या एका सरकारी दवाखान्यात गेली. तिथं सांगितलं, तुमचं नाव इथल्या रजिस्टरला नाही, तरी पंधरा दिवसांच्या देतो, पुढच्या वेळी मूळ डॉक्टरांची ताजी चिठ्ठी आणा. दिलं ते त्यांनी माणुसकीनं दिलं, नियमात ते बसतही नसेल. पण ताजी चिठ्ठी म्हणजे तिकडून इकडे एसटीचा अख्खा दिवस, परतायला दुसरा. दोन खाडे. तिनं तिच्या परीनं तोड काढली.

"एक दिस आड घेत व्हते, डाक्टर. पुरवून पुरवून."

पदराला बांधलेली कॅरीबॅगची पुरचुंडी तिनं सोडली. आत कात्रीनं कापलेलं पाकीट, त्यात चार गोळ्या. "ह्या अजून उरल्यात बघा." आवाजात काटकसर केल्याचं समाधान होतं. पुरचुंडी तिनं डाव्या हातानं आणि दातांनी सोडली, कारण उजव्या हाताची तीन बोटं तळव्याला चिकटलेली होती. माघात पहाटे तीनला कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, भाकरी थापताना फिट आली आणि हात चुलीत गेला. नवरा बैल सोडायला गेला होता. शेजारच्या कोपीतल्या बायका धावल्या, त्यांनी आधी नाकाला कांदा लावला, हात नंतर बाहेर काढला.

आता ती कोयता धरू शकत नाही. कोयता अर्धा झाला, उचल पूर्ण आहे.

कार्बामाझेपिनचा अंमल बारा तासांनी उतरायला लागतो, म्हणून ती दिवसातून दोनदा द्यायची. दिवसाआड घेणं म्हणजे न घेणंच. फेनोबार्बिटोनची गत याहून वाईट. ती एकाएकी थांबली तर थांबण्यानंच फिटा येतात, एकामागून एक, शुद्धीवर न येता. त्यात झोप. अपुरी झोप हे फिट येण्याचं एक ठरलेलं कारण आणि ऊसतोडीत रात्री गाडी भरायची, पहाटे पुन्हा उठायचं. म्हणजे ज्या महिन्यांत गोळीची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच महिन्यांत ती तुटते. मुकादमाच्या वहीतला खाडा पैशांनी भरून निघतो. गोळीच्या खाड्यानं दोन वर्षांची मोजणी पुन्हा शून्यावर येते.

महोदय, यावर काय करायचं हे आपल्या खात्याला शिकवायची गरज नाही, कारण ते खातं हेच काम दोन आजारांत करतं आहे. क्षयाच्या रुग्णाला 'निक्षय' या सरकारी नोंदणीचा क्रमांक असतो. तो बीडहून कोल्हापूरला गेला तर त्याचं नाव तिकडच्या केंद्राकडे वर्ग होतं. एचआयव्हीच्या स्थिर रुग्णाला एआरटी केंद्रातून काही महिन्यांची औषधं एकदम मिळतात, कारण एकही डोस चुकता कामा नये हे तिथे सगळ्यांना मान्य आहे. फिटच्या रुग्णाचाही डोस चुकता कामा नये, पण त्याचा आजार लागट नाही. त्याच्यामुळे दुसऱ्या कुणाला धोका नाही, म्हणून त्याचा पाठलाग करायला कुणी नेमलेलं नाही. हे जरा कडवट वाटेल, पण माझा समज तोच आहे.

आणि सरकारला मनात आणलं तर मेंदूच्या आजारांत धावता येतं, हेही आम्ही पाहिलं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गिया बारेचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण एकदम वाढले. घरोघर सर्वेक्षण झालं, पाण्याचे नमुने गेले, महागड्या इम्युनोग्लोब्युलिन इंजेक्शनांची सोय झाली. चांगलंच झालं. पण ती बातमी होती. आमचे रुग्ण एकेकटे पडतात, वेगवेगळ्या फडांत, पहाटे.

पट्टकृमीचाही विषय आला आहे तर सांगतो. स्कॅनमधली गाठ दाखवली की माळकरी माणूस दुखावतो. "डॉक्टर, मी अंडंसुद्धा खात नाही." खरं आहे त्याचं. डुकराचं कच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो, पण त्याची अंडी विष्ठेतून मातीत, मातीतून पाण्यात आणि कोथिंबिरीच्या जुडीत जातात. ती पोटात गेली की अळी रक्तातून मेंदूपर्यंत पोचते. मांस दुसऱ्यानं खायचं आणि फिट माळकऱ्याला यायची. कारखान्याच्या तळावर शेकडो कोप्या असतात, संडास किती असतात ते आपण एकदा न कळवता जाऊन मोजावेत. २०१९ साली गर्भपिशव्या काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पेटला, समिती बसली, तेव्हा ऊसतोडीच्या बायका शासनाच्या नजरेत आल्या. त्यांच्या आरोग्याची चौकशी गर्भपिशवीपाशी थांबू नये.

बायकांचंच पुढे सांगतो. एक सून गोळ्या पाकिटातून काढून कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरून सासरी नेते. सासूला वाटतं, हाडं ठिसूळ आहेत पोरीची. हिंदू विवाह कायद्यातला, लग्नाला आड येणारा अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्ये काढून टाकला गेला, त्याला पाव शतक होऊन गेलं. आमच्याकडे सोयरीक अजून त्याच्या आधीच्या कायद्यानं मोडते. माझी तक्रार मात्र समाजाबद्दल नाही, साठ्याबद्दल आहे. सरकारी खिडकीवर अनेकदा एकटी व्हॅल्प्रोएट शिल्लक असते, म्हणून तीच दिली जाते, विशीतल्या पोरीलासुद्धा. गरोदरपणी ही गोळी चालू असेल तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग निघतं, शिवाय बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो तो वेगळा. लेव्हेटिरासेटाम त्या मानानं पुष्कळ सुरक्षित आहे. ती यादीत आहे, खिडकीवर नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसे वाचले, गोळी बाहेरून आणायची राहिली, असं होऊ नये.

माझं मागणं एवढंच आहे. टोळ्या निघण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या आत, ऊसतोडीला जाणाऱ्या फिटच्या रुग्णांची गाववार यादी करावी. आशाताईंना ही माणसं तोंडपाठ असतात, त्यासाठी नवं सर्वेक्षण नको. ज्यांचं औषध ठरलेलं आहे त्यांना निदान तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम हातात द्याव्यात आणि पुढच्या तीन महिन्यांच्या राज्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतील असं कार्ड द्यावं. त्या कार्डावर मूळ डॉक्टरची ताजी सही मागू नये. आमच्यासारखे डॉक्टर जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे दर महिन्याला आमच्या सहीची अट घालणं म्हणजे रुग्णाला गोळी नाकारण्याची सभ्य पद्धत आहे. बीपीची गोळी जर आरोग्य केंद्रातला डॉक्टर चालू ठेवू शकतो तर ठरलेली फिटची गोळीही ठेवू शकतो. त्याला अडलं तर मला रात्री दहालाही फोन करू दे.

अजून एक काम आहे, त्याला पैसेही लागत नाहीत. मुकादमांना तासाभराचं शिक्षण द्यावं. फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवायचं, कोयता, चूल, विहीर यांपासून दूर सरकवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा आणि चप्पल शोधत बसायचं नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ लावायचा. मुकादम हिशेबाला पक्के असतात, मिनिटं बरोबर मोजतील. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रांत हंगामापुरता फिट थांबवणाऱ्या मिडाझोलमचा नाकात मारायचा फवारा ठेवला तर शीर शोधण्यात जाणारा वेळही वाचेल. पहाटेच्या थंडीत, झटके देणाऱ्या हाताची शीर मलाही सहज सापडत नाही.

मे २०२२ मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य परिषदेनं अपस्मार आणि मेंदूच्या इतर आजारांसाठी २०३१ पर्यंतचा कृती आराखडा मंजूर केला. आपल्या कार्यालयात त्याची प्रत कुठेतरी असेलच. ती शोधण्याच्या आधी औषध भांडाराच्या संगणकावर एवढंच बघावं, की बीड जिल्ह्यात आज कार्बामाझेपिनच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळ्या किती आहेत.

पोळा होऊन गेला आहे. बाईचा हात दाखवायला मी तिला प्लॅस्टिक सर्जनकडे पाठवलं, बोटं किती सुटतील ते अजून कळायचं आहे. तरी या हंगामालाही ते निघणार आहेत, ती मोळ्या बांधेल आणि कोयता तिची सोळा वर्षांची पोरगी धरेल. जायच्या आधी ती चिठ्ठीसाठी येईल. सहा महिन्यांच्या, म्हणजे तीनशे साठ गोळ्या मी तिला लिहून देणार आहे. त्या तिनं कुठल्या खिडकीवरून घ्यायच्या, तेवढं दसऱ्याच्या आत कळवावं.

आपला,
एक मेंदूविकारतज्ज्ञ, बीड जिल्हा