उत्तरपत्रिकेवरचे आडनाव झाका: इंदूरच्या जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हा शिक्षणाधिकारी, इंदूर
सप्रेम नमस्कार.

आडनावावरून जात, गाव आणि घरची भाषा ताडण्यात आपण मराठी माणसे तरबेज. राजवाड्यापासून रामबागेपर्यंत ‘कुठले तुम्ही?’ याचा अर्थ सर्वांना कळतो. लाल पेन हातात आले म्हणून ही सवय सुटत नाही.

अर्थशास्त्रज्ञ रेमा हॅना आणि ली लिंडन यांच्या भारतातील प्रयोगात (प्रसिद्धी २०१२) मुलांच्या खऱ्या उत्तरपत्रिकांवर जात मात्र चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुठलीही लिहिली होती. ‘खालची’ जात दिसलेल्या पेपरांना गुण कमी पडले. फरक लहान, प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याच्या मापाच्या) ३ ते ८ टक्के. पण काठावरच्या मुलाला तेवढा पुरतो. कमी गुण देण्यात त्याच जातगटांतले शिक्षक पुढे होते! तेव्हा ‘आपला माणूस’ तपासायला बसवून भागणार नाही. शिवाय भेद गठ्ठ्याच्या सुरुवातीला जास्त होता. पेपर एकूण कसे गेलेत याचा अंदाज तेव्हा नसतो, आणि बहुधा म्हणूनच नजर नावाकडे वळते.

म्हणून शाळांच्या सहामाहीत नाव वरच्या पट्टीवरच असावे. पट्टी आणि पेपर दोन्हींवर एकच कोड टाकून पट्ट्या फाडून मुख्याध्यापकांकडे पाकिटात बंद कराव्यात. कोड हजेरीच्या क्रमाने दिले तर सगळे मुसळ केरात. आधी गठ्ठा पिसावा. अक्षर ओळखीचे असते, म्हणून ‘अ’ तुकडीचे पेपर ‘ब’च्या शिक्षकांकडे द्यावेत. ५ गुणांच्या उत्तराचे मुद्दे आधी लिहून ठेवावेत. पहिला प्रश्न सगळ्या पेपरांत तपासून मगच दुसरा घ्यावा, आणि दर वेळी गठ्ठा पुन्हा पिसावा. शेवटी सुरुवातीचे १० पेपर परत पाहावेत. पाकीट गुणयादी शाईने भरल्यावरच फोडावे.

तरीही काही गळेल. ‘मेरी आवाज’ऐवजी ‘मेरा आवाज’ लिहिलेले दिसले की मराठी घर ओळखू येते. ती चूक हिंदीच्या पेपरात कापावी, इतिहासात नव्हे.

कृपया यासाठी कार्यशाळा मात्र भरवू नये. अमेरिकेत वंशाबद्दलचा सुप्त (नकळत मनात असलेला) कल बदलण्याचे ९ उपाय तपासले गेले (प्रसिद्धी २०१६). सगळ्यांचा परिणाम काही तासांत किंवा दिवसांत ओसरला.

तोंडी परीक्षेत आणि प्रकल्पात मूल समोरच उभे असते, तिथे पट्टीचा उपयोग नाही. त्यासाठीचे टिपण मागवल्यास पाठवू.

आपले,
इंदुरातील काही मराठी शिक्षक व मानसशास्त्राचे अभ्यासक