ठासणीच्या रायफलचा छडा लावून देणाऱ्या कारागिराचे जाहीर आभार

आदरणीय महोदय,

सादर नमस्कार.

आमच्या दिवंगत शेजाऱ्यांच्या संग्रहातील चकमकीच्या ठिणगीने पेटणारी ठासणीची (तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) रायफल कोणी घडवली, हा त्यांच्या पत्नीचा प्रश्न मी आपल्याकडे पाठवला आणि आपण कोणतेही मानधन न घेता, छायाचित्रे मागवून मागवून, त्याचे सविस्तर उत्तर दिले. त्याबद्दल हे आभारपत्र मी मुद्दाम जाहीरपणे लिहीत आहे, कारण अशा बंदुका वारशाने आलेल्या इतर कुटुंबांनाही आपली पद्धत उपयोगी पडावी.

आपल्या पहिल्या पत्रात ओळखीविषयी एक अक्षरही नव्हते. गज (दारू-गोळी ठासायची काठी) नळीच्या तळापर्यंत सोडून तोंडाशी त्यावर खूण करावी, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा आणि त्याचे टोक ब्रीच प्लगच्या (नळीचे मागचे टोक बंद करणाऱ्या बुचाच्या) बरेच अलीकडे थांबत असेल तर आत बार भरलेला आहे असे समजून जाणकारालाच बोलवावे, एवढेच आपण लिहिले होते. काळी दारू (जुन्या पद्धतीची बंदुकीची दारू) कोरडी राहिली तर कित्येक दशकांनंतरही पेट घेते, हे आम्हा कोणाच्याच ध्यानात आले नसते.

या बंदुकीवर अनुक्रमांक का नाही, याचाही उलगडा आपणच केला. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुकांना, त्या नव्याने घडवलेल्या असल्या तरी, सामान्यतः पुरातन शस्त्रांत धरले. त्यामुळे त्यांच्यावर क्रमांक कोरण्याची सक्ती राहिली नाही, आणि घरच्या कार्यशाळेत एकट्याने काम करणाऱ्या कारागिराच्या बंदुकीमागे कागदाचा माग सहसा उरत नाही.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते आपले हे म्हणणे की, ‘ही बंदूक कोणाची’ हा एक प्रश्न नसून अनेक प्रश्न आहेत. ग्रीन माउंटन, गेट्झ, राइस, कोलरेन किंवा डग्लस यांच्यासारख्या नळी-उत्पादकांची नळी, दुसऱ्याच कोणाचे लॉक (ठिणगी पाडून बार उडवणारी यंत्रणा), तिसऱ्याकडून आणलेले पितळी ओतीव भाग, आणि हे सारे लाकडात बसवून दस्ता कोरणारा कारागीर चौथाच, अशी या बंदुकांची घडण असते. म्हणून नळी दस्त्यातून सोडवल्यावर तिच्या खालच्या पैलूवर (सपाट बाजूवर) जो ठसा दिसतो तो बहुधा नळी करणाऱ्याचा असतो, तर बंदूक घडवणारा आपले नाव किंवा आद्याक्षरे वरच्या पैलूवर कोरतो. आमच्या रायफलीवर वरच्या बाजूस केवळ दोन अक्षरे निघाली. लॉक काढून पट्टीची आतली बाजू पाहिल्यावर ते सायलर या आधुनिक निर्मात्याचे जर्मन वळणाचे लॉक असल्याचे आपण सांगितले आणि बंदूक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आधीची नाही, हेही त्याच ओघात ठरले. धातूवरचा जुनाट तपकिरी रंग त्याच्या आड आला नाही, कारण काही कारागीर तो हौसेने आणि उघडपणे चढवतात.

दस्त्यावरचे कोरीवकाम आणि पॅचबॉक्सची (दस्त्यातल्या झाकणाच्या छोट्या कप्प्याची) घडण पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परंपरेची आहे, हे पाहून घरातल्यांनी बंदूक तिथलीच असे जवळजवळ ठरवून टाकले होते. परंपरेवरून कारागिराने कोणता नमुना समोर ठेवला हे कळते, तो कुठे राहत होता हे नाही, असे आपण नम्रपणे पण ठामपणे लिहिले. त्या दोन अक्षरांशी जुळणारे एखादे प्रसिद्ध नाव देऊन कुटुंबाला खूश करणे सोपे होते; तसे केले असते तर बंदुकीचा भावही वाढला असता. आपण तो मोह टाळलात, याबद्दल मी विशेष ऋणी आहे.

ब्रीच प्लगला हात लावू नये आणि पितळ घासून लखलखीत करू नये, या सूचना आम्ही पाळल्या आहेत. गालपट्टीमागील (नेम धरताना गाल टेकवायच्या भागामागील) कोरीवकामाची छायाचित्रे, १९३३ साली स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन या ठासणीच्या बंदुकांच्या संघटनेच्या इंडियानातील फ्रेंडशिप येथील स्पर्धांना नेमाने जाणाऱ्या एका परिचितांकडे दिली आहेत. तिथल्या कोणी जुन्या जाणत्याने तो हात ओळखला, तर नाव सर्वप्रथम आपल्याला कळवू आणि ते पटण्याजोगे आहे की नाही, हेही आपल्यालाच विचारू.

आपला कृतज्ञ,
एक शेजारी