बातांगासला निघण्यापूर्वी

प्रिय मंदार,

तुला फिलिपिन्समधल्या बातांगास प्रांतातलं खेडं मिळालं, छान झालं. कामाचं तुला संस्था सांगेलच. लोकांत कसं वावरायचं तेवढं मी लिहितो.

पोचल्यावर आधी बारांगाय कॅप्टनला भेट, संस्थेचं माणूस सोबत घेऊन. बारांगाय हा तिथला सगळ्यांत खालचा कारभार, साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखा. ही भेट राहिली तर पुढची कामं उगाच अडतात.

यजमानांच्या दारात चपला काढ. आजी-आजोबांपुढे जरा वाकून "मानो पो" म्हण. ते हात पुढे करतील, त्याची बोटं हलकेच धरून पालथा हात आपल्या कपाळाला टेकवायचा. ओठ लावायचे नाहीत, हात ओढायचाही नाही. मात्र चार-पाच वर्षांनी मोठ्या माणसाला मानो केलंस तर त्याला म्हातारा ठरवल्यासारखं होईल. अशांना नुसतं कूया, म्हणजे दादा, बाई असेल तर आते, म्हणजे ताई. मोठ्यांशी बोलताना वाक्यात "पो" हा आदराचा शब्द आला की बाकीचं तागालोग, म्हणजे तिथली भाषा, मोडकंतोडकं असलं तरी चालून जातं.

खरी अडचण होकाराची. "उद्या बैठकीला याल ना?" असं विचारलंस तर तोंडावर कोणी नाही म्हणणार नाही. "सुसुबुकान को", म्हणजे "बघतो प्रयत्न करून", हे ऐकलंस की बहुधा तो येत नाही असं धर. तीस खुर्च्या मांडायच्या आणि सहा माणसं यायची, हे असंच होतं. त्यापेक्षा "कुठली वेळ सोयीची?" असं विचार, आणि ते गावातल्याच एखाद्या आतेकरवी. नुसत्या भुवया उडवल्या तर तो होकार. ओठांचा चंबू एखाद्या दिशेला केला तर "तिकडे". चारचौघांत कोणाची चूक काढू नकोस. तो हसेल, पण परत यायचा नाही.

जेवत असलेला माणूस जाणाऱ्या-येणाऱ्याला "काइन तायो", चला जेवूया, म्हणतोच. पहिल्यांदा "सालामात पो, बुसोग पा को", पोट भरलंय, म्हणून सुटायचं. पुन्हा आग्रह झाला तर बसायचं.

तू शाकाहारी, म्हणून नीट लक्ष दे. "गुलाय" म्हणजे भाजी, पण ती बिनमांसाची असेलच असं नाही. पिनाकबेत या मिश्र भाजीत भोपळा, वांगं, भेंडी, कारलं, सगळं आपल्या ओळखीचं; पण चव असते बागोओंगची, म्हणजे खारवून आंबवलेल्या जवळ्याची किंवा मासळीची, आणि वर बऱ्याचदा डुकराचं मांस. शुक्रवारी शिजणाऱ्या मोंगोत आपलेच हिरवे मूग, त्यातही मासळी निघू शकते. ताटावर बसून सांगू नकोस, यजमानीण ओशाळेल. आदल्या दिवशीच सांग: "वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग बागोओंग, वालांग पातीस", म्हणजे मांस नको, मासे नको, बागोओंग नको, पातीस नको. पातीस म्हणजे माशाचं खारं पाणी, ते हमखास विसरलं जातं.

पोरं "बुंबाय" म्हणून हाक मारतील. मोटारसायकलवरून फिरत "फाइव्ह-सिक्स"ने, पाच देऊन सहा घेत, उधारी देणाऱ्या भारतीयांमुळे ते नाव रुळलंय. चिडू नकोस, आपण कशासाठी आलोय ते एकदा सांगून टाक.

गावात कोणी गेलं तर लामायला, म्हणजे रात्रीच्या जागरणाला, जायचंच. पाकिटात थोडे पैसे द्यायचे, त्याला आबुलोय म्हणतात. घरचे दारापर्यंत पोचवायला येत नाहीत, तसा रिवाजच आहे. तिथून थेट घरी यायचं नाही. वाटेत एखाद्या दुकानात थांबायचं, म्हणजे मृतात्मा मागोमाग घरी येत नाही. यालाच पागपाग म्हणतात.

आणि सकाळच्या जीपनीत, म्हणजे तिथल्या वडापच्या गाडीत, सुटे पैसे ठेव. "बायाद पो", हे भाडं, म्हणत शेजाऱ्याकडे दे, हातोहात ड्रायव्हरकडे जातात. उतरताना मोठ्यांदा "पारा पो", म्हणजे थांबवा.

तुझा,
सुहास