रोजच्या रस्त्याची गाडी

सातारा,
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. केतकी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या गाडीच्या नोंदणीला येत्या जूनमध्ये पंधरा वर्षे पूर्ण होतील, तेव्हा नोंदणीचे नूतनीकरण करावे की गाडीच बदलावी, असे तू विचारले आहेस. माझे मत स्पष्ट आहे : गाडी बदलावी. नूतनीकरणाला कायद्याची आडकाठी नाही. आरटीओची तपासणी, पर्यावरण कर आणि पाच हजारांचे शुल्क एवढे पार पाडले की पुढची पाच वर्षे ती रस्त्यावर ठेवता येते. परंतु २०११ च्या त्या गाडीत एअरबॅग नाही, जोरात ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा नाही, आणि मागच्या सीटवर ओवी बसते. चालकासाठीची एअरबॅग आणि एबीएस आपल्याकडे सर्व गाड्यांना सक्तीचे झाले तेच मुळी २०१९ मध्ये, आणि त्याआधीच्या कमी किमतीच्या मॉडेलमध्ये ही साधने सहसा दिलीच जात नसत. शिवाय पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या गाडीतील रबरी नळ्या व सील त्या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. क्लच आणि सस्पेन्शनवर आता चाळीस-पन्नास हजार घालून ज्या गोष्टी गाडीत नव्हत्याच त्या काही येणार नाहीत, म्हणून तो खर्च मला पटत नाही.

निखिलरावांच्या मनात मोठी एसयूव्ही आहे, हे तू लिहिले आहेस. मे महिन्यात गुहागरला जाताना पाच माणसे आणि सामान ऐसपैस मावावे, कुंभार्ली घाटात गाडी अडखळू नये, ही त्यांची अपेक्षा रास्त आहे आणि तिचा मान ठेवूनच मी पुढचे लिहिते आहे. ती गाडी वर्षातून एकदा गुहागरला जाईल, आणि आठवड्यातून तीनदा कोथरूडहून चांदणी चौकातून बावधन-वाकडमार्गे हिंजवडीला जाईल. रोज सकाळी ओवीच्या शाळेच्या गल्लीत उभी राहील, विहीणबाईंना फिजिओथेरपीला नेईल, आणि रात्री तुमच्या इमारतीच्या दोन खांबांमधल्या जागेत शिरेल. क्रेटाच्या आकाराची गाडी ४.३ मीटर लांब आणि १.७९ मीटर रुंद असते, आरसे त्याबाहेर. म्हणून कोणत्याही शोरूममध्ये जाण्यापूर्वी टेप घेऊन खाली जा आणि खांबांमधले अंतर मोज; त्यातून गाडीची रुंदी वजा केल्यावर विहीणबाईंना दार पूर्ण उघडून, काठी टेकत उतरता येईल एवढी जागा उरते का, ते पाहा. ती उरत नसेल तर त्यांना रोज इमारतीच्या बाहेर, रस्त्यावर उतरवावे लागेल, आणि पावसाळ्यात ते कसे होईल याचा विचार तुम्हा दोघांनाही करावा लागेल. गुहागरसाठी वर्षातून एकदा मोठी टॅक्सी चालकासह ठरवावी. निखिलरावांनाही घाटात बाहेर पाहता येईल, आणि त्याचा खर्च मोठ्या गाडीच्या एका वर्षाच्या जादा हप्त्यांच्या जवळपासही जाणार नाही.

छोट्या गाड्यांच्या बाजूने आता कराचेही गणित आहे. २२ सप्टेंबरपासून चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे. पूर्वी तो २८ टक्के आणि वर उपकर असा होता. मोठ्या गाड्यांचा दर ४० टक्के आहे. इलेक्ट्रिक गाडीवर पूर्वीप्रमाणेच ५ टक्के.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे बसण्याची उंची. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खोल सीटवर बसणे जितके कठीण, त्याहून उठणे कठीण असते. आणि फार उंच गाडीत पाय वर उचलून चढावे लागते, तेही जमत नाही. उभ्या माणसाच्या कमरेच्या थोडीच खाली सीट यावी, म्हणजे फक्त वळून बसायचे आणि पाय आत घ्यायचे. या कसोटीवर सेडान बाद होतात, मग त्या कितीही देखण्या असोत. वॅगन आर या बाबतीत खरोखर उत्तम आहे, तिची दारे उंच आहेत, रुंदी फक्त १.६२ मीटर आहे आणि ती अगदी छोट्या जागेत वळते. तरीही तिची शिफारस मी करणार नाही, कारण गाड्या आदळवून सुरक्षेसाठी पाचपैकी तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३ मधील चाचणीत तिला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला आणि मुलांच्या सुरक्षेसाठी एकही नाही. त्यानंतर तिच्यात एअरबॅगची संख्या वाढली हे चांगलेच झाले, पण त्या चाचणीत सांगाडाच अस्थिर ठरला होता, आणि एअरबॅग वाढवल्याने सांगाडा बळकट होत नाही. टाटा पंचला त्याच संस्थेने २०२१ मध्ये प्रौढांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे दिले होते. ती १.७४ मीटर रुंद आहे, पण तिची दारे नव्वद अंशांत उघडतात, आणि पोटाखाली १८७ मिलिमीटरची मोकळी जागा असल्याने पुण्यातील गतिरोधकांवर ती घासत नाही. ह्युंदाई एक्स्टरही याच आकाराची आहे; तिच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅग आहेत आणि चार सिलिंडरांचे इंजिन पंचच्या तीन सिलिंडरांपेक्षा शांत चालते. सिग्नलला उभे असताना तीन सिलिंडरांच्या इंजिनाची थरथर स्टिअरिंगवर जाणवते. ती तुला चालेल की नाही, हे चालवूनच ठरव.

गिअर स्वयंचलितच घे. यात तडजोड करू नये असे मला वाटते. वाकडच्या पुलाखाली संध्याकाळी जी रांग लागते तिच्यात डाव्या पायाने दर काही सेकंदांनी क्लच दाबत राहणे हा त्या पायाचा छळ आहे, आणि डॉक्टरांनी तुझ्या कमरेबद्दल काय सांगितले आहे ते मला माहीत आहे. मात्र ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली वेगवेगळ्या यंत्रणा विकल्या जातात, हे ध्यानात ठेव. या किमतीच्या गाड्यांत बहुतेक एएमटी असते. तिच्यात गिअरबॉक्स आणि क्लच हाताच्या गाडीतलेच असतात, फक्त ते दाबण्याचे आणि बदलण्याचे काम मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. त्यामुळे किंमत आणि इंधन दोन्ही आटोक्यात राहते, पण गिअर बदलताना क्षणभर ओढ कमी झाल्यासारखी वाटते आणि चढावर गाडी सोडताना सावध राहावे लागते. तुमच्या पार्किंगचा उतार आणि चांदणी चौकाचा चढ या दोन ठिकाणी तिची परीक्षा होईल. चढावर थांबताना ॲक्सिलरेटर अर्धवट दाबून गाडी तोलून धरण्याची सवय अनेकांना असते. एएमटीमध्ये त्याने क्लच जळतो, म्हणून तिथे ब्रेकच वापरायचा. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर या ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या यंत्रणा असलेली गाडी याहून सुखद चालते, पण तिच्यासाठी अंदाजपत्रक वाढवावे लागेल, आणि तुमच्या वेगाच्या रस्त्यावर तेवढा फरक मोजण्यासारखा आहे असे मला वाटत नाही.

इंधनाबाबत तू सीएनजीचा विचार करते आहेस. तुमचे चालणे वर्षाला नऊ हजार किलोमीटरच्या आसपास जाते. शहरात पेट्रोल गाडी लिटरला चौदा किलोमीटर देते असे धरले तर किलोमीटरला सुमारे साडेसात रुपये पडतात, सीएनजीवर सव्वाचार-साडेचार. म्हणजे वर्षाला सत्तावीस-अठ्ठावीस हजारांची बचत. सीएनजी प्रकार साधारण नव्वद हजारांनी महाग असतो, तेव्हा तीन वर्षांनंतर त्याचा फायदा सुरू होतो. परंतु बहुतेक सीएनजी गाड्या हाताच्या गिअरच्या आहेत. टियागोसारख्या मोजक्या गाड्यांतच सीएनजी आणि एएमटी एकत्र मिळते, आणि तिची सीट विहीणबाईंसाठी खाली आहे. ऑफिसहून परतताना पंपावर रांगेत अर्धा तास थांबण्याची तयारी तुझ्यात आहे का, हाही प्रश्न आहे. मला वाटते, नाही. आणि तो अर्धा तास ओवीचा आहे.

इलेक्ट्रिकबद्दल तू ओझरते लिहिले आहेस, पण मला तो पर्याय सर्वांत गंभीर वाटतो. ऑफिसच्या दिवशी तुमची धाव चाळीस किलोमीटरची, तीही थांबत-सरकत चालणाऱ्या वाहतुकीत, आणि इलेक्ट्रिक गाडीला अशीच वाहतूक मानवते, कारण थांबून असताना ती इंजिनासारखे इंधन जाळत नाही आणि ब्रेक लावताना थोडी वीज परत बॅटरीत घेते. तिला गिअर बदलावेच लागत नाहीत, त्यामुळे एएमटीचे झटके नाहीत, चढावर घसरणे नाही. पंचचा इलेक्ट्रिक प्रकार उंचीला तसाच आहे आणि भारत एनकॅपच्या २०२४ मधील चाचणीत त्याला पाच तारे मिळाले आहेत. राज्यात इलेक्ट्रिक गाडीला रस्ता कर माफ आहे. दहा लाखांच्या आतील पेट्रोल गाडीवर तो ११ टक्के आहे, हे शोरूममधील किंमत पाहताना विसरू नकोस. वर्षभराच्या तुमच्या धावेला महिन्याला शंभरएक युनिट वीज लागेल. तुमचे बिल तेवढ्याने वरच्या टप्प्यात जाईल हे खरे, तरीही पेट्रोलच्या तुलनेत खर्च पुष्कळच कमी राहील. इकडे साताऱ्याला येणे-जाणे सव्वादोनशे किलोमीटरचे. मोठ्या बॅटरीचा प्रकार घेतला तर वाटेत थांबण्याची गरज पडू नये, आणि आपल्या पोर्चमध्ये पंधरा अँपिअरचा सॉकेट आहेच, रात्रभरात गाडी भरून निघेल.

म्हणून पहिले काम सोसायटीचे आहे. तुमच्या मीटरपासून पार्किंगच्या जागेपर्यंत स्वतंत्र केबल टाकू देतील का, मीटरचा मंजूर भार किती आहे आणि तो वाढवावा लागेल का, केबल कोणत्या भिंतीवरून न्यायची, हे अध्यक्षांना आणि परवानाधारक वायरमनला विचार आणि उत्तर लेखी घे. तोंडी होकारावर गाडी नोंदवू नकोस, कारण समिती बदलली की होकारही बदलतो. लेखी परवानगी मिळाली तर इलेक्ट्रिक घ्या. मिळाली नाही, तर पेट्रोल एएमटी घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर मात्र इलेक्ट्रिक घेऊ नका.

गाडी चालवून पाहायला रविवारी सकाळी जाऊ नका. रिकाम्या रस्त्यावर सर्वच गाड्या चांगल्या वाटतात. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहानंतरची वेळ मागा, विहीणबाईंना आणि ओवीला बरोबर न्या, ओवीची बालसीट मागच्या सीटमधल्या आयसोफिक्स या पक्क्या कड्यांवर बसवून पाहा आणि तिच्या शेजारी आजी आरामात बसू शकतात का, पट्टा लावू शकतात का, ते त्यांनाच विचारा. एसीचा वेग आणि तापमान बदलायला हाताला लागणारी बटणे असावीत. चालवताना पडद्यावर बोट फिरवत बसणे धोक्याचे आहे. सनरूफसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. चालत्या गाडीत मुले त्यातून डोके बाहेर काढून उभी राहिलेली मी महामार्गावर पाहते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. ते पैसे मागचा कॅमेरा आणि वाढीव वॉरंटी यांवर खर्च करा.

डिसेंबरमध्ये सवलती चांगल्या मिळतात, पण त्या गाडीच्या कागदावर उत्पादनाचे वर्ष २०२५ राहील आणि पुढे विकताना वर्ष पाहूनच किंमत ठरते. तुम्ही आठ-दहा वर्षे गाडी वापरणार असाल तर हा फरक विरून जातो, तेव्हा सवलत खुशाल घ्या. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नसते. तीन ठिकाणचे दर मागवा. सध्याच्या विम्यावर पाच वर्षांहून अधिक काळ दावा केलेला नाही, त्यामुळे ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस जमा आहे. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र घ्या, म्हणजे नव्या गाडीच्या विम्यात तो वळता होईल.

जुनी गाडी विकताना मालकी बदलण्याच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या करून मोकळे होऊ नका. नोंदणीवर ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. मधल्या काळात त्या गाडीने अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी निखिलरावांवर येऊ शकते. म्हणून नव्या मालकाचे नाव चढल्याचे परिवहन संकेतस्थळावर दिसेपर्यंत पाठपुरावा करा, आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. विक्रीतून फारसे येणार नसेल तर नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी देऊन ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला, घेण्याचा मार्गही आहे. त्यावर नव्या गाडीच्या नोंदणी शुल्कात आणि रस्ता करात सूट मिळते. दोन्हींचे आकडे शेजारी मांडून काय ते ठरवा.

मागच्या खेपेला तुम्ही गाडीच्या सर्व्हिसच्या पावत्यांची फाईल इथेच विसरून गेलात. ती मी कपाटात ठेवली आहे आणि सोमवारी कुरिअरने पाठवते. गिऱ्हाइकाला ती दाखवल्याशिवाय किंमत बोलू नका. सोसायटीचे उत्तर काय येते ते कळव.

विहीणबाईंना नमस्कार, निखिलराव आणि ओवी यांस आशीर्वाद.

तुझी,
आई