काकी, तुम्ही सुरळी ओढून दाखवलीत

ती. काकींना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र नातू तुम्हाला वाचून दाखवील. चारचौघांसमोर लिहितोय, कारण मे 2024 मध्ये तुम्ही माझ्या बांधावर येऊन उभ्या राहिला नसता, तर आमच्या नाल्याकाठच्या दोन एकरांत आज ऊस असता आणि मी कर्जात.

बाबा गेले आणि बेळगावच्या उद्यमबागेतलं काम सोडून मी शेतात उतरलो. माझा पहिलाच हंगाम 2023 चा. मिरगानं दडी मारली आणि ऑगस्टनं तर पाठच फिरवली. देशात 1901 पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता म्हणतात. काळ्या रानाला बोटबोटभर भेगा पडल्या, भात पळींज झालं, दाणा भरलाच नाही. मग मी ठरवलं, सगळीकडं ऊस. मजूर कमी लागतात, कारखाना उचलतो, दर बांधलेला. येळ्ळूर शिवारात त्या वर्षी असा विचार करणारा मी एकटा नव्हतो.

तुम्ही दराबद्दल एक शब्द बोलला नाहीत. "बळ्ळारी नाल्याचं पाणी तुझ्या रानात किती दिस थांबतंय?" एवढंच विचारलंत. मला सांगता आलं नाही. पंचवीस वर्षं आमच्या रानात भांगलणीला, तण काढायला येणाऱ्या तुम्हाला मात्र माहीत होतं, की आंब्याकडची पट्टी दोन दिवसांत उघडी होते आणि खालच्या कोपऱ्यात आठ-आठ दिवस पाणी असतं. 2019 च्या ऑगस्टात त्याच कोपऱ्याशेजारचा ऊस शेंड्यापर्यंत बुडाला होता, तोही तुम्हीच आठवून दिलात. आणि वर विचारलंत, मार्चात तुझ्या विहिरीनं तळ दाखवला, उसाला बारा महिने पाणी कुठलं घालणार?

मग आपण रान चालून वाटून घेतलं. खाली भातच, पण वळवाच्या ओलीवर कुळवून मेअखेरीस धूळवाफ (चिखल न करता) पेरायचं, म्हणजे नाला फुगायच्या आत रोप गुडघ्याला लागतं. सगळं बियाणं कुरीतून, पेरणीच्या अवजारातून, घालू नको, थोडा तरवा (लावणीची रोपं) वरच्या वाफ्यात टाकून ठेव, हेही तुमचंच. राजहंसगडाच्या अंगाच्या तांबूस माळावर पाणी थांबत नाही, तिथं रताळी. वेल तुम्ही माहेरून, उचगावकडनं, ओल्या पोत्यात गुंडाळून डोक्यावरनं आणलेत. त्याचे पैसेही घेतले नाहीत.

जुलैत पाणी आलंच. सहाव्या दिवशी ओसरलं तेव्हा भातावर गाळाचा थर बसला होता. मी रोटर मारायला ट्रॅक्टर सांगून आलो होतो. तुम्ही चिखलात उतरलात, एका रोपाची मधली सुरळी, न उघडलेलं कोवळं पान, दोन बोटांत धरून हळूच ओढलीत. ती हातात आली नाही. बुडखा नखानं चिरून दाखवलात, आत पांढरा, टणक. "जित्तं हाय रे हे." खालच्या कोपऱ्यातल्या रोपाची सुरळी मात्र सहज निघून आली, वास मारत होती. तेवढ्याच भागात तुम्ही आणि तुमच्या सुनेनं वाफ्यातला तरवा लावलात. बाकीचं भात आपोआप वर आलं. तो ट्रॅक्टर आला असता तर जिवंत पीक मी माझ्या हातानं गाडलं असतं. रात्री आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

त्या कोपऱ्यात पाणी उशिरापर्यंत थांबतं ही खोड मला वाटत होती. भात कापल्यावर त्याच ओलीवर मसूर आला, एकही पाणी न देता. ऊस लावला असता तर हे दुसरं पीक दिसलंच नसतं.

शेतकरी म्हणून जमिनीच्या उताऱ्यावर नाव माझं आहे, तुमचं कुठल्याच कागदावर नाही. पीक बदलण्याबद्दल बैठका होतात, त्यांत भांगलायला जाणाऱ्या बायकांना कुणी बोलावत नाही. पावसाचं चक्र फिरलंय हे सगळे म्हणतात. पण कुठल्या पट्टीत पाणी किती दिवस राहतं हे ज्यांच्या पायांना ठाऊक आहे, त्यांना विचारल्याशिवाय तिथं काय पेरायचं ते कसं ठरणार? मला हे फार खटकतं, म्हणून लिहिलं.

परवा वळीव झालाय, रान वाफशावर, पेरणीजोग्या ओलीवर आलंय. कुरी बांधून ठेवलीय. रविवारी पेरणीला तुम्ही बांधावर हव्या आहात, न्यायला मी गाडी घेऊन येतो. मसुराची पिशवी सुनेकडं दिलीय, ती परत पाठवू नका.

तुमचा,
नाल्याकाठच्या रानातला पोरगा